युद्धातले एअरमन: तुमच्या घरातल्या आठवणी लिहा

हवाई दल म्हटलं की वैमानिकच डोळ्यांसमोर येतो. फिटर (विमानं दुरुस्त करणारे), आर्मरर (शस्त्रं, दारूगोळा चढवणारे), रेडिओवाले हे जमिनीवरचे एअरमन कोणाला आठवत नाहीत. १९७१च्या भारत-पाक युद्धाच्या वेळी यातली कितीतरी पोरं मॅट्रिक होऊन भरती झालेली, विशी-बाविशीतली होती. माझे मामा त्यांतलेच. गेल्या वर्षी ते गेले आणि आम्ही त्यांना नीट काही विचारलंच नव्हतं, हे दहाव्याला लक्षात आलं. म्हणून हा धागा. शौर्यगाथा पुष्कळ आहेत. इथे जेवण, झोप, भीती, पत्रं, असलं काहीही लिहा.

पठाणकोट, एअरफ्रेम (विमानाच्या सांगाड्याचा) फिटर
मी तेव्हा एलएसी (लीडिंग एअरक्राफ्ट्समन, खालचा हुद्दा), वय २१. तांबरमहून ट्रेड ट्रेनिंग करून आलेलो. ३ डिसेंबरला संध्याकाळी चहाचा मग हातात होता, तेवढ्यात बॉम्ब पडायला लागले. ट्रेंचमध्ये उडी मारली ती थेट कोणाच्या तरी पाठीवर. त्यानं आईवरून शिवी दिली, मराठीत! साताऱ्याचा निघाला. आमची ओळख अशी झाली. दत्तजयंती नुकतीच होऊन गेलेली, चांदणं इतकं लख्ख की ब्लॅकआउट ही चेष्टाच वाटावी. रात्री धावपट्टीचे खड्डे बुजवणं चाललं होतं, तेव्हा पाहिलं तर माझ्या मुठीत मगाचा नुसता कान होता. बाकीचा मग कुठे गेला, कोण जाणे.

जैसलमेर, आर्मरर
हंटर या लढाऊ विमानाला ३० मिमीच्या चार तोफा. तोफा आणि गोळ्या मिळून एकच पॅक असतो. विमान उतरलं की रिकामा पॅक खाली घ्यायचा, भरलेला वर चढवायचा. लोंगेवालाच्या सीमाचौकीवर पाकिस्तानी रणगाडे आल्याची खबर रात्रीच आली, पण हंटरना रात्री लढायची सोय नव्हती. विमानं तयार, आम्ही तयार, आणि उजाडतच नाही. वाळवंटातली थंडी, पत्र्याला हात लावला की चटका बसल्यासारखं व्हायचं. साहेब म्हणाले, तासभर पडा. कोण पडतंय! ५ तारखेला फटफटलं तशी पहिली विमानं गेली, आणि मग दिवसभर पॅक, रॉकेट, पेट्रोल, पुन्हा पॅक. बोटं सोलली होती, ते रात्री जेवताना तिखट झोंबलं तेव्हा कळलं. पेपरात जळक्या रणगाड्यांचे फोटो आले, ते कापून ट्रंकेत ठेवले. रणगाड्यात माणसं असतात हे मला फार उशिरा सुचलं, स्वतःचा मुलगा वीस वर्षांचा झाल्यावर.

(वडिलांबद्दल)
बाबा इंजिनवाले. युद्धाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. डाव्या कानानं ऐकू येत नाही, एवढंच काय ते आमच्यापर्यंत पोचलंय.

आग्रा, इंजिन फिटर
भीती स्वतःची कमी वाटायची. उड्डाणाआधी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही करावी लागते. सही केली की त्या विमानातल्या माणसांचं ओझं तुमच्यावर. कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानात दोघं असायचे, पायलट आणि नॅव्हिगेटर (मार्ग दाखवणारा). ३ तारखेला आमच्याकडेही बॉम्ब पडले, आणि त्याच रात्री आमची कॅनबेरा निघाली. पुढे एका रात्री माझ्या सहीचं विमान वेळेत आलं नाही. मी डिस्पर्सलवर (विमानं पांगवून उभी करायच्या जागी) उभा राहून मनातल्या मनात एकेक नट परत आवळत होतो. आलं अखेर, बऱ्याच उशिरानं. नॅव्हिगेटर साहेब शिडीवरून उतरले, माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, रोता क्यों है?" म्हटलं, "धुआँ लगा, सर." त्यांनी सिगरेट पुढे केली. मी ओढत नव्हतो. ओढली.

(काकांबद्दल, गाव सांगली जिल्ह्यात)
काका कुठे आहेत ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. पत्त्यात नुसतं ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा नंबर. आजीला लिहिता-वाचता येत नसे. पत्र आलं की ती आधी अक्षर काकांचंच आहे ना, तेवढं विचारून घ्यायची. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की आतल्या खोलीत जाऊन बसायची. जानेवारीत तार आली, रजा मिळाली, येतोय. पोस्टमन अंगणातूनच ओरडत होता, "काकू, चांगली तार आहे, चांगली आहे!" तरी तिनं आतून कडी लावून घेतली ती लावलीच. काका दारात येऊन हाका मारायला लागले तेव्हा काढली.