कॉलेज आइस हॉकीची अंतिम फेरी : प्रेक्षागृह केवढे असावे? आपले अनुभव लिहा

अमेरिकेतील कॉलेज आइस हॉकीचे अजिंक्यपद १९४८ ते १९५७ अशी पहिली दहा वर्षे कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ब्रॉडमूर आइस पॅलेसमध्येच होत असे. आज पुरुषांची ‘फ्रोझन फोर’ (शेवटच्या चार संघांची अंतिम फेरी : दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम सामना) अठरा-एकोणीस हजार आसनांच्या व्यावसायिक प्रेक्षागृहांत फिरते आणि महिलांची बहुधा विद्यापीठांच्या लहान रिंगणांत होते. आपल्यापैकी अनेकांची मुले या विद्यापीठांत शिकतात, काहीजण स्वतः तिथे शिकले. तिकीट मिळाले किंवा मिळाले नाही, जागा कशी होती, प्रेक्षागृह सामन्याला साजेसे होते का, हे सविस्तर लिहावे.

मिनिॲपोलिसहून

मार्च २०२५ मध्ये महिलांची अंतिम फेरी आमच्या गावातल्या रिडर अरेनात झाली. हे प्रेक्षागृह २००२ साली खास महिला हॉकीसाठी बांधले गेले आणि त्यात साडेतीन हजारांच्या आतबाहेर माणसे बसतात. यजमान मिनेसोटा विद्यापीठाचा संघच उपांत्य फेरीत असल्यामुळे तिकिटांसाठी ओळखीपाळखीत विचारणा सुरू झाली आणि माझ्या मुलीच्या कितीतरी मैत्रिणी घरीच राहिल्या. मिनेसोटा विस्कॉन्सिनकडून ६-२ असे हरले, तरीही अंतिम सामन्याची ओढ कमी झाली नाही. विस्कॉन्सिनच्या कर्स्टन सिम्सने शेवटची काही सेकंदे उरली असताना पेनल्टी शॉटवर ओहायो स्टेटशी ३-३ अशी बरोबरी साधली आणि जादा वेळेत तिनेच विजयी गोल केला. बर्फापासून इतक्या जवळ बसून तो क्षण पाहायला मिळाला, हे रिडर आकाराने लहान असल्याचेच देणे आहे, हे मी मान्य करते. पण ज्या खेळाला मागणी आहे त्याचे दार इतके अरुंद ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

मॅडिसनहून

मिनिॲपोलिसच्या ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. विस्कॉन्सिनच्या महिला संघाच्या लाबान अरेनात २,२७३ आसने आहेत, पण जानेवारी २०१७ मध्ये त्यांचा एक सामना शेजारच्या कोल सेंटरमध्ये ठेवला तेव्हा १५,३५९ प्रेक्षक आले. तो साखळीतला साधा सामना होता. मोठे दार उघडले तर लोक आत येतात, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

डेट्रॉइटजवळून

दुसरी बाजूही नोंदवतो. २०१० ची पुरुषांची अंतिम फेरी आमच्याकडे फोर्ड फील्ड या अमेरिकन फुटबॉलच्या छताखालील स्टेडियममध्ये झाली. बॉस्टन कॉलेजने विस्कॉन्सिनला ५-० असे हरवलेला अंतिम सामना ३७,५९२ जणांनी पाहिला. तिकीट मिळवण्यासाठी कोणाच्याही मिनतवाऱ्या कराव्या लागल्या नाहीत, कुटुंबातले सगळे एकत्र बसू शकले, ही मोठीच सोय होती. मात्र फुटबॉलच्या मैदानावर बर्फाचे रिंगण मांडले की प्रेक्षक दूर ढकलला जातो आणि पक (खेळातली रबरी चकती) तर इवलासा. आम्ही बराचसा सामना वरच्या पडद्यावरच पाहिला. आकड्याचा अभिमान वाटतो, पण मुलाला पहिल्यांदा हॉकी दाखवायची असेल तर मी त्याला अशा ठिकाणी नेणार नाही.

कॅलमझूहून, सध्या शिकागो

माझे शिक्षण वेस्टर्न मिशिगनमध्ये झाले. तिथल्या लॉसन रिंगणात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मावतात आणि विद्यार्थ्यांच्या आरोळ्यांनी छत दणाणते. २०२५ मध्ये आमचा संघ प्रथमच फ्रोझन फोरला पोहोचला, तीही सेंट लुईसच्या एंटरप्राइज सेंटरमध्ये. अडचण अशी की तिन्ही सामन्यांचे एकत्रित तिकीट संघ ठरण्याच्या कितीतरी आधीपासून विकले जाते, सहभागी विद्यापीठांना शेवटी ठराविक वाटा मिळतो आणि तो आमच्यासारख्या नवख्यांना पुरत नाही. वाट पाहण्याचा उपाय मला लाभला. गुरुवारच्या उपांत्य सामन्यात आम्ही गतविजेत्या डेन्व्हरला दुसऱ्या जादा डावात ३-२ असे हरवले आणि पेन स्टेटही बॉस्टन विद्यापीठाकडून हरले. परतीच्या वाटेला लागलेल्या चाहत्यांकडून शनिवारचे तिकीट सहज मिळाले. अंतिम सामना आम्ही ६-२ असा जिंकला. ज्यांचा संघ नवखा आहे त्यांनी गुरुवार संपेपर्यंत धीर धरावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

बॉस्टनहून

अंतिम फेरीपेक्षा मला त्याआधीच्या प्रादेशिक फेऱ्यांची काळजी वाटते. पुरुषांचे सोळा संघ चार गावांत विभागले जातात, ठिकाण तटस्थ असते आणि संघ कळल्यावर काही दिवसांतच प्रवास करावा लागतो. त्यामुळे उत्तम दर्जाचे सामने मी अर्ध्याहून रिकाम्या आसनांसमोर पाहिले आहेत. महिलांच्या स्पर्धेत सुरुवातीच्या फेऱ्या वरच्या मानांकित संघांच्या घरच्या रिंगणात होतात आणि तिथे उत्साह ओसंडतो. पुरुषांनीही हेच करावे. मोठे प्रेक्षागृह शेवटच्या चार संघांसाठी राखावे, आणि महिलांच्या शेवटच्या चार संघांनाही किमान आठ-दहा हजारांचे मिळावे.