प्रतिसाद: खाणं आणि चरबीची जागा
'ताणामुळे पोट सुटतं ही पळवाट आहे, खाणं जास्त झालं एवढंच' हे वरचं मत मला पटत नाही. ताणात खाणं वाढतं, मान्य. पण चरबी कुठे साठते हा वेगळा प्रश्न. आतड्यांभोवतीच्या चरबीत कॉर्टिसॉलला (ताणात वाढणाऱ्या संप्रेरकाला) प्रतिसाद देणारे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे पेशींवरचे ग्राहक, कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त असतात, म्हणून ते वाढलं की चरबी पोटात साठायला लागते. माझ्या मावशीला संधिवातासाठी कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं प्रेडनिसोलोन बरेच महिने घ्यावं लागलं. चेहरा गोल झाला, पोट पुढे आलं, मानेमागे उंचवटा आला. हात मात्र बारीक झाले, बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत सरकायच्या. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली वर्णिलेला, शरीरात कॉर्टिसॉल फार वाढल्याने होणारा आजार असाच दिसतो. रोजच्या ताणात कॉर्टिसॉल इतकं चढत नाही, हे खरं. पण दिशा तीच. आणि हो, या गोळ्या कुणी घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं.