मॅकडॉवेल काउंटी वाचवायची तरी कशाला?

तळेगावकर (धागाकर्ता)

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मूळचा अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॅकडॉवेल काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी). आजोबा कोळशाच्या खाणीत, वडील तरुणपणी इकडे नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला आले. "एकदा बघून ये" म्हणाला, म्हणून मागच्या महिन्यात ओहायोला जाताना वाट वाकडी केली. यूएस ५२ हा रस्ता म्हणजे आंबेनळी घाट, फक्त संपतच नाही. फोनला रेंज नाही. वेल्च हे काउंटीचं मुख्य गाव. तिथे पालिकेनं १९४१ साली बांधलेली बहुमजली पार्किंगची इमारत आहे. १९४१! त्या काळी गाड्या लावायला जागा पुरत नव्हती. मी गेलो तेव्हा आत गाड्या मोजल्या. सहा.

घरी येऊन जनगणनेचे आकडे काढले. १९०० साली लोकसंख्या १८,७४७. १९५० साली ९८,८८७. २०२० साली १९,१११. एकशेवीस वर्षांत फिरून फिरून भोपळे चौकात.

माझं म्हणणं एवढंच की यात रडण्यासारखं काय आहे? कोळसा होता म्हणून माणसं आली, कोळसा संपत आला तशी गेली. १९६० च्या प्रचारात केनेडी इथली गरिबी बघून गेले. मे १९६१ मध्ये नव्या योजनेची पहिली फूड स्टॅम्प (गरिबांना धान्य-किराण्यासाठी सरकारी कुपन) वेल्चमध्येच एका बेकार खाणकामगाराच्या हातात पडली. त्याला साठ वर्षं उलटून गेली. अजूनही देशातल्या सगळ्यात गरीब काउंट्यांच्या यादीत हे नाव असतंच. मग जागेवर पैसे ओतायचे कशाला? माणसांना द्या आणि हलू द्या. शहाणी होती ती कधीच गेली.

सुलभा_म

पटलं. सरकारी पैशानं गाव जगत नाही, फक्त मरायला वेळ लागतो.

डॉ. रानवारा

तळेगावकर, शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी (डॉक्टरांचं रुग्णालयातलं पुढचं प्रशिक्षण) केली की दोन वर्षं भारतात परतायचं, नाहीतर डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं, असा नियम आहे. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस जागा. मी ती तीन वर्षं याच पट्ट्यात काढली. त्या डोंगरात अमेरिकन डॉक्टर कमी आणि आपल्यासारखे जास्त दिसतात, ही गोष्ट तुमच्या तक्त्यात येत नसेल.

एक पेशंट सांगते. वय एकसष्ट, अठ्ठावीस वर्षं खाणीत, छातीच्या एक्स-रेत दोन्हीकडे चुन्याचे सडे पडावेत तसे डाग. ब्लॅक लंग, कोळशाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तीनदा थांबायचा. त्याला मी हेच विचारलं होतं, मुलीकडे नॉर्थ कॅरोलिनाला का जात नाही? तो म्हणाला, घर माझं आहे. कर्ज नाही. विकलं तर जे येईल त्यात तिकडे वर्षभराचं भाडंसुद्धा सुटणार नाही.

हे एकट्याचं नाही. तिथे पाचातली चारच्या आसपास घरं राहणाऱ्याच्या मालकीची आहेत, आणि घराची मधली किंमत चाळीस हजार डॉलरच्या आगेमागे. गरीब काउंटी आणि मालकीची घरं इतकी, हे आधी मलाही विचित्र वाटलं होतं. पण ती मालकी नाही, तो खुंटा आहे.

आणि आयुर्मान. काही वर्षांपूर्वीच्या एका तुलनेत वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काउंटीत पुरुषांचं सरासरी आयुष्य ८२ वर्षं होतं, मॅकडॉवेलमध्ये ६४. फेअरफॅक्स म्हणजे आपली अर्धी मराठी मंडळी राहतात तेच. मधलं अंतर गाडीनं सहा तास.

तळेगावकर

डॉक्टर, 'शहाणी' शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही. खुंटा आहे असं तुम्हीच म्हणताय ना? मग खुंटा सोडवायला पैसे द्या. त्या माणसाला घराच्या बदल्यात साठ हजार डॉलर आणि मुलीच्या गावात दवाखाना. तिथेच पाईप, रस्ते, शाळा बांधून त्याचं काय भलं होणार?

वणीकर

थांबा थांबा. धाग्याचा पायाच कच्चा आहे. "कोळसा संपत आला" हे कुणी सांगितलं?

आमच्या घरी दोन पिढ्या कोळशात गेल्या (वणी, म्हणजे वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीचं राज्य), म्हणून हा विषय दिसला की राहवत नाही. मॅकडॉवेलमध्ये निघतो तो पोकाहोंटास थराचा कोळसा. वीजघराच्या भट्टीत घालायचा नव्हे, पोलाद करायला कोक (भाजून घेतलेला कोळसा) लागतो त्याचा. जगात त्याला आजही मागणी आहे. मालगाड्या भरून नॉरफोकच्या बंदराकडे जातात. भारतही अमेरिकेतून कोकिंग कोल घेतो, आणि आपल्या जेएसडब्ल्यू या पोलाद कंपनीनं २०१० साली वेस्ट व्हर्जिनियात खाणीच विकत घेतल्या होत्या. कोळसा जातोय हो. माणूस लागेनासा झाला.

१९५० ते १९६० या दहा वर्षांत काउंटीतली साडेसत्तावीस हजार माणसं कमी झाली. त्या काळात खाणी संपल्या नव्हत्या. कंटिन्युअस मायनर नावाचं यंत्र आलं, १९५० साली खाणकामगार युनियनच्या जॉन लुईसनं मालकांशी करार केला, यांत्रिकीकरणाला आडवं न जाण्याच्या बदल्यात पगार आणि आरोग्य निधी घेतला. राज्यातले खाणकामगार त्या दशकात निम्म्याहून खाली आले. दुसरा फटका १९८० च्या दशकात बसला, काउंटीतल्या गॅरी गावातून यू. एस. स्टीलनं गाशा गुंडाळला तेव्हा.

आता जमीन. काउंटीतली निम्म्याहून जास्त खाजगी जमीन मोजक्या मोठ्या मालकांकडे, बहुतेक बाहेरच्या कंपन्या. राज्य कोळशावर पाच टक्के कर घेतं, त्यातलं काउंटीच्या ताटात पडतं ते चिमूटभर. आमच्याकडे निदान रॉयल्टी सरकारजमा होते आणि २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, ते पैसे कुठे मुरतात तो वेगळा विषय. म्हणजे शंभर वर्षं कोळसा काढून देशाचं पोलाद झालं, आणि आता पाण्याच्या पाईपचे पैसे मागितले की तुम्ही म्हणता जागेवर ओतू नका. आधी जागेतून काढले ते कुणी मोजले का?

सुलभा_म

वणीकर, हिशेब भावनेला पटतो. पण ज्या कंपन्यांनी नेलं त्यांच्याकडून वसूल करा ना, ओक्लाहोमातल्या करदात्यानं काय पाप केलंय?

वणीकर

ओक्लाहोमातला करदाता पोलादी गाडी चालवतोच की.

आकडेमोड्या

भांडण रंगलंय, मध्ये तोंड घालतो. तुम्ही सगळे १९,१११ हा आकडा धरून बसलात. त्या १९,१११ मध्ये कैदी आहेत.

वेल्चजवळच्या डोंगरमाथ्यावर २०१० च्या सुमारास फेडरल तुरुंग उघडला. जुन्या रुग्णालयाच्या एका इमारतीत राज्याचाही तुरुंग आहे. अमेरिकेच्या जनगणनेत कैदी जिथे कोंडलाय तिथला रहिवासी धरतात. म्हणजे बाल्टिमोरचा पोरगा कागदोपत्री मॅकडॉवेलकर. दोन्हीकडचे मिळून हजाराच्या वर तरी असतील.

गंमत पुढे आहे. दारिद्र्याचा दर काढताना कैदी वगळतात. पण 'सोळा वर्षांवरील किती टक्के लोक कामधंद्यात आहेत' हे काढताना ते छेदात राहतात आणि 'काम न करणारे' म्हणून मोजले जातात. दरडोई उत्पन्नाच्या भागाकारातही ते येतात. मॅकडॉवेलमध्ये सोळा वर्षांवरच्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश लोक कामात, हा आकडा दाखवून "आळशी लोक" म्हणणारे बरेच भेटतात. त्यातून कैदी काढा, ब्लॅक लंगनं आणि पाठीनं निकामी झालेले काढा, पासष्टच्या पुढचे काढा, मग बोला.

तसंच काउंटीचं सकल उत्पादन. कोळसा जिथे निघाला तिथे त्याचं मूल्य मोजतात, नफा जातो बाहेर. उत्पादनाचा आकडा बघितला तर बरं चाललंय असं वाटेल, घरातलं उत्पन्न बघितलं तर त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा पेन्शन, अपंगत्व भत्ता, मेडिकेअर, मेडिकेड (म्हाताऱ्यांचा आणि गरिबांचा आरोग्य विमा) असला सरकारी. एकाच काउंटीच्या दोन कुंडल्या.

तळेगावकर

आकडेमोड्या, धन्यवाद, पण तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. कैदी काढले तर उरतात सतरा-अठरा हजार. म्हणजे घसरण मी समजत होतो त्याहून मोठी. आणि सरकारला तिथे काय सुचलं, तर तुरुंग!

शिवाय बाजारानं उत्तर दिलेलंच आहे. वेल्चजवळच्या किंबॉल गावातलं वॉलमार्ट जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. तो मोठा डबा रस्त्याकडेला तसाच उभा आहे, मी बघितला. वॉलमार्टला जिथे परवडत नाही तिथे कुणाला परवडणार?

डॉ. रानवारा

वॉलमार्ट बंद झालं तेव्हा काय झालं ते सांगू? शेकड्यावर नोकऱ्या गेल्याच, पण ताजी भाजी तासभर लांब गेली. माझे मधुमेही पेशंट डॉलर स्टोअरमधल्या डब्यांवर आले. तुम्ही 'बाजाराचं उत्तर' म्हणता, मला ते रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसतं.

आणि पाणी. खाणवस्त्या कंपन्यांनी वसवल्या, नळयोजनाही त्यांनीच टाकल्या, आणि जाताना तशाच टाकून गेल्या. कीस्टोन गावात पाणी उकळून प्या ही सूचना जवळपास दशकभर चालू होती. दशकभर! रस्त्याच्या कडेला डोंगरातून आलेला एक पाईप असतो, तिथे लोक गाड्या लावून कॅन भरतात. मी स्वतः रांगेत उभी राहिले आहे. माझ्यापुढच्या बाईनं विचारलं, "तुमच्या देशातही असंच भरता का?" मी हो म्हणाले. तिला फार बरं वाटलं.

साठ हजार देऊन हलवा म्हणता. सतरा हजारांपैकी समजा निम्मे हलले. उरलेल्या निम्म्यांसाठी तीच पाईपलाईन, तोच पूल, तीच शाळेची बस लागते. खर्च अर्धा होत नाही, माणशी दुप्पट होतो.

गोटीराम

अवांतर: २००८ ला ही काउंटी ओबामांकडे होती, २०१६ ला चारातल्या साधारण तिघांनी ट्रम्पना मत दिलं. बाकी चालू द्या.

वणीकर

गोटीराम, अवांतर नाही ते. याच वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर १ ऑगस्ट १९२१ ला सिड हॅटफिल्डला भरदिवसा गोळ्या घातल्या. शेजारच्या मेटवानचा पोलीस प्रमुख, कामगारांच्या बाजूचा. मारणारे कंपन्यांच्या पगारावरच्या डिटेक्टिव्ह एजन्सीचे, कुणाला शिक्षा झाली नाही. किंबॉलमध्ये पहिल्या महायुद्धातल्या काळ्या सैनिकांचं स्मारक आहे, १९२८ चं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं म्हणतात. दक्षिणेतले काळे, इटालियन, हंगेरियन, पोलिश, सगळे एका खाणीत. आजच्या 'गोरे गरीब' या एका शब्दात ते सगळं पुसलं जातं.

सुलभा_म

इतिहास मोठा आहे, मान्य. पण पुढे काय? आता चारचाकी बाईकवाल्यांसाठी डोंगरात हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्स केलेत, त्यावर लॉज चालतात म्हणे. शिक्षक टिकत नाहीत म्हणून शिक्षक संघटनेच्या पुढाकारानं वेल्चमध्ये फ्लॅटची इमारत बांधली. फेब्रुवारी २०२५ च्या पुरानं पुन्हा घरं धुऊन नेली. दर पुरानंतर नदीकाठी तेच घर बांधायला पैसे द्यायचे का? २००१ आणि २००२ लाही तेच झालं होतं.

डॉ. रानवारा

सुलभाताई, नदीकाठी पुन्हा बांधू नये यावर मी तुमच्याच बाजूची. पण सपाट जागा फक्त नदीकाठीच आहे, वरचा डोंगर कंपनीच्या मालकीचा. वणीकरांनी वर लिहिलंय तेच. आधी त्या डोंगरातले वीस एकर द्या, मग त्यांना म्हणा हला.

तळेगावकर

हे मात्र मला माहीत नव्हतं. घर हलवा म्हणजे शार्लटलाच हलवा असं मी धरून चाललो होतो, दोनशे फूट वर हलवायचं डोक्यात आलं नाही. तरी माझं मूळ मत आहे तिथेच आहे: वीस वर्षांनी तिथे दहा हजार माणसं असतील, आणि तसं धरूनच नियोजन करावं. पुन्हा लाख होतील या आशेवर नको.

आणि एक राहिलं. धाग्यात सुरुवातीला लिहायला हवं होतं, सोयीचं नव्हतं म्हणून गाळलं. त्या सहकाऱ्याचे वडील निवृत्त झाल्यावर परत गेले तिकडे. गॅरीजवळ. पोराचं ऐकत नाहीत.

आकडेमोड्या

कधी गेले? २०२० च्या आधी की नंतर?

तळेगावकर

२०२२.

आकडेमोड्या

मग पुढच्या गणतीत एक मिळवा.