डिमेन्शियाच्या पेशंटना सांभाळणाऱ्या मावश्यांना शिकवायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार. दहिसरच्या एका छोट्या केअर होममध्ये मी इन्चार्ज सिस्टर आहे. १८ पेशंट, त्यातल्या ११ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. दिवसा चार मावश्या आणि एक वॉर्डबॉय, रात्री दोघीच. सगळ्या ब्युरोतून आलेल्या, बारा तासांची ड्युटी, बहुतेकींचं गाव जव्हार-मोखाड्याकडे. डायपर बदलणं, कूस वळवणं, नळीतून भरवणं त्यांना छान जमतं. पण या आजारात माणसाचं नेमकं काय होतं, हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नाही.

मागच्या आठवड्यात मावशीने एका आजोबांना आंघोळीला नेलं, नेहमीसारखा डोक्यावर तांब्या ओतला आणि त्यांनी तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. ती त्यांना एका शब्दाने बोलली नाही. बाहेर येऊन नळाखाली हात धरून उभी राहिली. म्हणाली, "सिस्टर, हे मुद्दाम करतात. मुलगा आला की कसे गोड बोलतात!" दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. ब्युरोवाले म्हणाले, दुसरी पाठवतो. दुसरी आली, तिलाही काही ठाऊक नाही. काहीही न सांगता आपण तिला त्या बाथरूममध्ये पाठवलं, हे माझ्या मनातून जात नाही.

कधी कधी यांचं यांनाच सुचतं. एक आजी साडेपाच वाजले की पिशवी घेऊन दाराशी. "पोरं शाळेतून येतील, मला गिरगावला जायचंय." पोरं आता साठीची झालीत. आम्ही खरं सांगायचो, की आजी, ती चाळ कधीच पाडली, आणि त्या हंबरडा फोडायच्या. एका मावशीने मेथीची जुडी पुढ्यात ठेवली. "आई, पोरं यायच्या आत एवढी निवडून द्या ना." आजी बसल्या. पानं एकीकडे, देठं एकीकडे, दिवेलागणी कधी झाली कळलंही नाही. पण ती मावशी रजेवर गेली की संध्याकाळी पुन्हा तेच.

२०२३ साली आलेल्या पाहणीचा अंदाज आहे की देशात साठीपुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांना सांभाळणाऱ्यांना मराठीत, पाळी बदलताना वीस मिनिटांत सांगता येईल असं काही कुणाकडे आहे का? शिवाय मालक म्हणतात, रात्री दोघींना आवरत नाही तर शांत राहायचं औषध सुरू करा. मला ते पटत नाही. काय बोलू त्यांच्याशी?

प्रतिसाद १
ताई, मी निवृत्त नर्स आहे. आंघोळीला पाणी आधी पायावर घाला, डोकं सगळ्यात शेवटी, जमल्यास वेगळ्या दिवशी. अंगावर टॉवेल राहू द्या, उघडं पडलं की ते घाबरतात. "आता हात धुते हं" असं प्रत्येक वेळी आधी सांगायचं. आणि आजोबा अचानक मारायला लागले असतील तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दातदुखी आधी बघा. दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही.

मालकांना स्पष्ट सांगा: या वयात त्या औषधांनी तोल जाऊन पडणं वाढतं, आणि डिमेन्शियात पक्षाघाताचा व मृत्यूचाही धोका वाढतो. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय एकही गोळी नाही.

प्रतिसाद २
अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून याच आजारावर काम करते, मुंबईत शाखा आहे. तिथे विचारा. तोवर प्रत्येक पेशंटच्या पलंगाशी एक वही लटकवा. मेथीची गोष्ट त्यात पहिल्या पानावर लिहा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आजोबांची लघवी तपासायला पाठवली, संसर्ग निघाला. वह्या आजच आणल्या, ११. ज्यांना लिहिता येत नाही त्या मावश्या सांगतील आणि मी लिहीन. चावा बसला त्या मावशीलाही फोन केला, रविवारी येते म्हणाली.