पुष्कराजाचे क्रॉस आणि जेन ऑस्टिनचे भाऊ
काही जण म्हणतात की इंग्रजी लेखिका जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ कादंबरीतला दत्तक गेलेला फ्रँक चर्चिल म्हणजे तिचाच भाऊ एडवर्ड, पण मला ते फारसं पटत नाही, श्रीमंत नातेवाइकांनी दत्तक घेतलं एवढंच साम्य, स्वभावाचं काय? मला तरी खरा धागा नौदलातल्या भावांकडे जाताना दिसतो. धाकटा चार्ल्स, १८०१ मध्ये शत्रूचं जहाज पकडल्याचे ३० पौंड हातात पडले तर पठ्ठ्याने दोघी बहिणींना सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रॉस घेतले, आणि तिच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ कादंबरीत नायिका फॅनीचा नौदलातला भाऊ विल्यम तिला सिसिलीहून अंबरचा क्रॉस आणतो, पण साखळी घ्यायला त्याच्याकडे पैसे नसतात! हा बदल जेनने मुद्दाम केला असणार, कारण बॉलच्या, म्हणजे नाचाच्या समारंभाच्या आधी साखळी कोणाची घालायची यावरून फॅनीची जी घालमेल होते ती सगळी त्यातूनच येते. ते खरे क्रॉस जेनच्या चॉटनच्या घरात (आता तिथे संग्रहालय आहे) आजही ठेवलेत, दोन्ही एकसारखे नाहीत, फोटो मिळाला तर नीट बघा.

आणि नौदलातलाच दुसरा भाऊ, फ्रँक ऑस्टिन, त्याने तर म्हातारपणी पत्रात लिहिलंय की जेनच्या ‘पर्स्युएशन’ कादंबरीतला कॅप्टन हार्विल काही अंशी माझ्यावरून घेतला असावा, निदान घरातल्या सवयी तरी. सुतारकाम करणारा, मुलांसाठी खेळणी बनवत बसणारा हार्विल आठवतोय ना?