मिस्टर बॉर्डरवर, मुलगा गप्प गप्प झालाय, काय करू?

राजारामपुरीची_सून: नमस्कार. मिस्टर आर्मीत, सध्या फील्ड पोस्टिंग (जागा काढली, एडिट). मी, सात वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे कोल्हापुरात. २०२५ च्या मेमध्ये ऑपरेशन सिंदूरवेळी घरात सारखी न्यूज चालू, तिकडं गोळाबार आणि ह्यांचा फोन लागेना. १० तारखेला थांबलं सगळं, पण पोरगं त्यातनं बाहेरच आलं नाही. परत अंथरूण ओलं करायलाय, सकाळी पोट दुखतंय म्हणतो, डॉक्टर म्हणतात पोटात काही नाही. त्यात सगळे म्हणणार, फौजीचा पोरगा असून रडतोस? हे सुट्टीवर आले तर जवळच जाईना, ह्यांना लई लागलं ते. त्याला किती सांगायचं, किती लपवायचं?

शिरोळचा_फौजी (रिटायर्ड): जागा काढली ते बरं केलंसा ताई, असलं नेटवर लिहायचं नसतं. आमच्या सैनिक टाकळीकडं घरटी माणूस मिल्ट्रीत, पोराला शेजारी चार पोरं तसलीच असत्यात, तिथं वर्गात तो एकटाच पडत असंल. आणि एक, पप्पा अमक्या तारखेला येणार असं कबूल करू नका. ६० दिवस वार्षिक सुट्टी आणि ३० दिवस सीएल (किरकोळ रजा) कागदावर, ऑपरेशन लागलं की सगळं कॅन्सल.

गडहिंग्लजची_लेक: १९९९ ला पप्पा कारगिलला होते, मी चौथीत. मला कोणी काहीच सांगायचं नाही, मग पोस्टमन आला की मी पत्राकडं नाही, आईच्या तोंडाकडं बघायची आणि मनानंच काहीबाही रचायची, ते खऱ्यापेक्षा वाईट असायचं. म्हणून सांगा, थोडं पण खरं. आणि पप्पा घरी आले म्हणजे संपलं असं नसतंय. आमचे रात्री दोनदा उठून कडी बघायचे, दिवाळीत फटाका वाजला की ताटावरनं उठायचे, आम्ही भावंडं घरात पाय न वाजवता चालायला शिकलो.

देशप्रथम_कोल्हापूर: वीरांच्या मुलांना असं रडकं बनवू नका. अभिमान शिकवा.

गडहिंग्लजची_लेक: दादा, अभिमान होताच की. भीती पण होती. तुम्ही स्टेटस टाकून झोपता, जागं आमचं घर असतं.

समुपदेशक_ताई: मोठ्या ताणात मुलं अशी मागं जातात, अंथरूणावरनं रागवू नका, एकदा लघवी तपासून घ्या. वडिलांकडं न जाणं हा राग नसतो बहुतेक, परत जाणाऱ्या माणसाला जवळ करायची भीती असते. त्यांना सांगा, मिठी मागू नका, त्याच्याबरोबर सायकल पुसा, भाजी आणायला न्या, येईल आपोआप. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फौजी आणि घरच्यांसाठी २०२३ पासून पुण्यात एएफएमसीला (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज) तिचा वेगळा कक्ष पण आहे. आणि न्यूज बंद, मुलगा जागा असेपर्यंत तरी.

राजारामपुरीची_सून: सगळ्यांना थँक्यू, उद्याच लावते फोन. फक्त सासऱ्यांच्या हातातला रिमोट कोण काढून घेणार ते पण सांगा कोणीतरी 🙏