घरात सायकल चालवायला लाखाचा स्मार्ट ट्रेनर कशाला? (थोडं भांडणच काढतोय)

मुळाकाठचा (पुणे):
जून आला की आमच्या सायकल ग्रुपवर दरवर्षी हाच विषय. खड्ड्यात पाणी साचलं की तो किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळतं, मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्या काचेवर पाणी, सिंहगड रोडला तर विचारूच नका. मग कोणीतरी म्हणतो घरीच ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचं स्टँड) लावू, आणि पाच मिनिटांत दुसरा कोणीतरी डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनरची (ॲपला जोडला की स्वतःच जड-हलका होणारा) लिंक टाकतो, किंमत लाखाच्या आसपास. टाकणाऱ्याची स्वतःची सायकल तीस-पस्तीस हजाराची हायब्रिड!

माझं मत सरळ आहे. वर्षातले चार महिने फिटनेस टिकवायचा असेल, फार तर दिवाळीनंतर २०० किंवा ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळात संपवायची लांब पल्ल्याची राइड) मारायची असेल, तर साधा फ्लुइड ट्रेनर पुरे. मागचं चाक काढायचं नाही, सायकल तशीच स्टँडमध्ये अडकवायची, टायर एका छोट्या रोलरवर टेकतो, रोलरच्या दुसऱ्या टोकाला तेलात पातं फिरतं. जोरात पॅडल मारलं की रेझिस्टन्स आपोआप वाढतो. हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते आणि चांगला फ्लुइड ट्रेनर बऱ्यापैकी तसाच वागतो, त्यामुळे रस्त्यासारखं वाटतं. वीज नको, ॲप नको, अपडेट नको. गिअर टाका आणि घाम गाळा. स्मार्टवाल्यांनी आपली बाजू मांडावी, पण "मजा येते" हे कारण चालणार नाही.

पहाटेची चक्री (ठाणे):
मजा जाऊ दे, मी दुसरं कारण सांगते. आवाज! मी पहाटे पाचला बसते कारण सहाला डबे सुरू होतात, तेव्हा घरात सगळे झोपलेले असतात. आधी माझ्याकडे तुमच्यासारखाच टायर टेकवायचा ट्रेनर होता, साधा मॅग्नेटिक, आणि तो ज्या सुरात घुमायचा ना, मिक्सर बरा. त्यात माझा टायर गुठळ्यांचा. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मागचं चाक काढूनच ठेवतात, सायकलची चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्या) बसते, टायर नाहीच म्हणून टायरचा आवाजही नाही, ऐकू येते ती फक्त चेन. बंद दाराआड मुलगा झोपून राहतो. याची किंमत तुम्ही कशात मोजणार?

आणि वेळ. माझ्याकडे पाऊण तास असतो फक्त. त्यात अर्गमोडला लावलं की मशीनच वॅट (पॅडलवरची ताकद) धरून ठेवतं, मी फक्त पाय चालवायचे, किती जोर लावू हा विचारच नाही.

मुळाकाठचा:
गुठळ्यांचा टायर लावून ट्रेनरला नावं ठेवणं म्हणजे कमाल आहे ताई :) गुळगुळीत स्लिक टायर लावा, अर्धा आवाज तिथेच जातो. ट्रेनरसाठी वेगळा टायर पण मिळतो, तो तापत नाही आणि कमी झिजतो. साध्या रोड टायरने खाली टाइलवर काळी पूड पडते, हे मात्र खरं, बायको ओरडते.

खालच्या मजल्यावरून:
मी सायकल चालवत नाही. माझ्या डोक्यावर राहणारा चालवतो, म्हणून लिहितोय.

तुम्ही सगळे वरच्या खोलीत आवाज किती येतो ते मोजताय. खाली जे येतं ते वेगळं असतं. तो "घर्रर्र" हवेतून नाही येत, स्लॅबमधून उतरतो. आमच्याकडे पंख्याचा दांडा बारीक कण कण करतो आणि कपाटातल्या काचेच्या बरण्या एकमेकींना लागतात. वरच्याला सांगितलं तर तो म्हणाला काका माझं मशीन सायलेंट आहे, कंपनीनेच लिहिलंय. त्याच्या खोलीत असेल हो सायलेंट.

त्यामुळे लाखाचं घ्या नाहीतर दहा हजाराचं, खाली जाड रबरी मॅट घाला. योगा मॅट नव्हे, जिममध्ये वजनं ठेवतात तिथली काळी. आणि शक्यतो खोलीच्या मधोमध नको, भिंतीजवळ किंवा बीमवर लावा, मधला स्लॅब जास्त थरथरतो.

पहाटेची चक्री:
काका +१. या धाग्यावरची सगळ्यात कामाची पोस्ट.

थंडीकर (मिनेसोटा):
तुमचे चार महिने पावसाचे, आमचे पाच बर्फाचे. जानेवारीत उणे वीस सेल्सिअस इथे बातमी होत नाही, रस्त्यावर मीठ टाकतात ते चेन खातं, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च बेसमेंट. एवढा काळ भिंतीकडे तोंड करून साधा ट्रेनर फिरवणारा माणूस मी अजून पाहिला नाही, दोन आठवड्यांत त्याच्यावर कपडे वाळत पडतात. झ्विफ्ट या सायकल ॲपवर ती २१ वळणांची आल्प (ॲपमधला घाट) चढायला घेतली की चढ आला तसा ट्रेनर जड होतो, शेजारी जपानमधला कोणीतरी धापा टाकतोय (म्हणजे त्याचं चित्र), तास कसा गेला कळत नाही. "मजा हे कारण चालणार नाही" म्हणता, पण वर्षभर टिकणारं कारण तेवढंच आहे हो! बाकी सगळी शिस्त फेब्रुवारीत संपते.

मुळाकाठचा:
आणि त्या आल्पचे महिन्याला २० डॉलर. मशीन घेतलं की झालं असं नाही, भाडं चालूच. तुमच्याकडे बेसमेंट आहे दादा, आमच्याकडे हॉल आहे आणि त्यात टीव्हीसमोरची जागा आधीच बुक आहे.

थंडीकर:
मायवूश फुकट आहे. अबुधाबीचं ॲप, २०२४ ची यूसीआयची (सायकलिंगची जागतिक संघटना) ई-स्पोर्ट्स वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याच्यावरच झाली, म्हणजे अगदीच टाकाऊ नाही. ट्रेनर ब्लूटूथवर बोलणारा असला की कुठल्याही ॲपला चालतो, झ्विफ्टच पाहिजे असं नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):
तुमचं वॅट आणि आल्प चालू दे, पण पंख्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही याचं नवल वाटतं. ट्रेनरच्या आधी पंखा ठरवा.

शरीर पॅडलला जेवढी ताकद देतं त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता बाहेर टाकतं. १५० वॅटने पॅडल मारताय म्हणजे साधारण साडेचारशे ते सहाशे वॅटची शेगडी तुम्ही स्वतःच आहात. रस्त्यावर पंचवीसच्या वेगाने वारा लागतो म्हणून जाणवत नाही. घरात वारा शून्य. त्यात आमच्या कोकणात जुलैमध्ये हवाच इतकी ओली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. ताकद तेवढीच ठेवली तरी नाडी हळूहळू वर चढत जाते, लोकांना वाटतं फिटनेस गेला. फिटनेस नाही गेलेला, खोली तापलीये. छताचा पंखा उपयोगाचा नाही, समोरून छातीवर मारणारा मोठा पेडेस्टल पाहिजे. आणि पाण्यात मीठ-साखर-लिंबू, साधं पाणी पुरत नाही.

आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लाइट गेली की बहुतेक स्मार्ट ट्रेनरचा रेझिस्टन्स गायब, पाय हवेत फिरल्यासारखे. टॅक्स कंपनीचा निओ ट्रेनर विजेशिवाय स्वतःच्या फिरण्यावर चालतो, पण त्याची किंमत ऐकून माझीच लाइट गेली. सबब मी फ्लुइडच्या बाजूने. पण लाइट नाही म्हणजे पंखा पण नाही, तेव्हा त्या दिवशी सुट्टीच.

स्पोकवाला (नाशिक):
मी सायकली दुरुस्त करतो, त्यामुळे दोन्ही पंथांचे भक्त माझ्याकडे येतात. पाऊस संपल्यावर ट्रेनरवरच्या सायकली येतात तेव्हा मी आधी हँडलच्या वरचा बोल्ट बघतो. घाम नाकावरून टपकतो तो बरोबर स्टेमच्या टोपीवर पडतो, तिथून हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमध्ये) झिरपतो. वरून सायकल चकाचक आणि बोल्ट उघडायला गेलो की गंजून चिकटलेला, ॲलन की फिरते, बोल्ट नाही. टॉपट्यूबवर (सीट ते हँडलमधली वरची नळी) टॉवेल टाका हो, एवढंच करा. फुकट आहे.

आता मूळ मुद्दा. मुळाकाठचे साहेब म्हणतात हायब्रिडवाल्याने साधा ट्रेनर घ्यावा. टायर टेकवायच्या ट्रेनरबरोबर एक लोखंडी क्विक रिलीज दांडी (चाक लिव्हरने आवळायची) येते, शंकूच्या आकाराच्या टोकांची, ट्रेनरचे जबडे त्या शंकूंना धरतात. सायकलची मूळ दांडी तशीच ठेवून लोक आवळतात आणि मग सायकल सुटते किंवा लिव्हर चेपते. ती बदलायलाच लागते. आणि तुमच्या चाकाला थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड दांडा) असेल तर वेगळा अडॅप्टर.

डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांसाठी: डिस्क ब्रेकची सायकल असेल तर चाक काढल्यावर कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड असतात तिथे) पॅडचा स्पेसर घाला. चुकून ब्रेक दाबला की हायड्रॉलिकचे पॅड चिकटून बसतात आणि मग माझ्याकडे यावं लागतं. या, माझी हरकत नाही.

तीन चाकी (मुंबई):
रोलर्स कोणीच म्हणत नाही? तीन नळकांडी, वर सायकल मोकळी, कुठेही बांधलेली नाही. तोल सांभाळायला लागतो म्हणून कंटाळा येतच नाही, पॅडलिंग गोल होतं, फ्रेमवर ताण नाही. तुमचे ट्रेनर म्हणजे सायकलला खांबाला बांधून वर बसणं.

पहाटेची चक्री:
आणि पहाटे पाचला अर्धवट झोपेत त्या नळकांड्यांवरून थेट टीव्ही युनिटमध्ये. नको बाबा.

तीन चाकी:
दाराच्या चौकटीत लावायचे. दोन्ही बाजूला हात टेकायला चौकट. शिकतो माणूस.

मुळाकाठचा:
रोलर्सवर जोराचे इंटरव्हल करायचे तर तुमच्यासारखा सर्कसवाला पाहिजे. पास.

आता ताईंच्या अर्गमोडबद्दल. मशीन वॅट धरून ठेवतं, ऐकायला छान वाटतं. पण पाय थकले, कॅडेन्स (पॅडल फिरवायचा वेग) पडला की तेच वॅट पुरे करायला मशीन रेझिस्टन्स अजून वाढवतं, मग पाय अजून हळू, मग अजून जड, शेवटी पॅडल जागच्या जागी थिजतं. आणि बाहेर भोरच्या घाटात तुमच्यासाठी कोण वॅट धरून ठेवणार आहे? किती जोर लावायचा हे अंगाला कळायला हवं, ते मशीनवर सोपवून काय शिकणार?

पहाटेची चक्री:
कॅडेन्स पडतोय दिसलं की क्षणभर थांबून परत चालू करायचं, दुसऱ्या आठवड्यात जमतं. आणि अंगाला कळायला हवं म्हणताय ते कळायला आधी आकडा लागतो. तुमच्या फ्लुइडवर आज किती वॅट मारले ते कशावरून कळतं? तेल तापलं की रेझिस्टन्स बदलतो, टायरमध्ये हवा कमी असली की बदलतो, रोलर किती घट्ट आवळला त्यावर बदलतो. चांगल्या डायरेक्ट ड्राइव्हची चूक एक-दोन टक्के सांगतात. तुम्ही गेल्या महिन्यापेक्षा सुधारलात की टायरमधली हवा गेली, सांगा बरं.

मुळाकाठचा:
रोज पंपाने तेवढीच हवा, रोलरच्या नॉबला तेवढेच आटे, दहा मिनिटं वॉर्मअप आणि मग मोजायला सुरुवात. मागच्या चाकाचा वेग आणि छातीचा हार्टरेट पट्टा. त्याच नाडीला वेग वाढला म्हणजे सुधारलो. वॅट नाही कळत, मान्य, पण बीआरएमच्या कार्डावर वॅट लिहीत नाहीत, २०० किमीला साडेतेरा तास लिहितात.

वाशिष्ठीकाठ:
त्याच नाडीला म्हणालात, पण नाडी पंख्यावर अवलंबून असते हे मी वर लिहिलंय. परत वाचा.

थंडीकर:
:D

बावळट प्रश्न (औरंगाबाद/संभाजीनगर):
सगळं वाचलं, डोकं गरगरलं. माझ्याकडे सात गिअरची एमटीबी आहे, पंधरा हजाराची, मागचं चाक नट-बोल्टने बसवलंय, पान्याने सुटतं. वजन कमी करायचंय, रेस वगैरे काही नाही. बायको पण वापरेल म्हणते, तिची उंची पाच फूट. मुळाकाठच्या सरांचा फ्लुइड घेऊ का?

स्पोकवाला:
इथेच तर गंमत आहे. सर म्हणतात स्वस्त सायकलीला स्वस्त ट्रेनर, पण नटवालं चाक टायर टेकवायच्या ट्रेनरच्या जबड्यात नीट बसतच नाही. आधी तुमच्या हबमध्ये पोकळ ॲक्सल टाकून क्विक रिलीज करून घ्यावं लागेल, कुठलाही बरा मेकॅनिक करून देतो, फार खर्च नाही. शिवाय एमटीबीचा टायर बदलून स्लिक.

उलट डायरेक्ट ड्राइव्हला तुमचा नट आडवा येत नाही, कारण चाकच काढायचंय. मागच्या फॉर्कमधलं अंतर आतून मोजा, १३५ मिमी असेल तर बहुतेक वेळा बसते. सात गिअरची कॅसेट आठ-नऊ-दहा स्पीडच्या बॉडीवर (ट्रेनरचा ज्यावर कॅसेट चढते तो भाग) साडेचार मिमीचा स्पेसर घालून बसवतात, अकरा स्पीडची बॉडी असेल तर वर अजून १.८५ चा. म्हणजे लाखाचं मशीन तुमच्या पंधरा हजाराच्या सायकलीला बसेल, दहाचं बसणार नाही :) घ्या असं म्हणत नाहीये.

पहाटेची चक्री:
दोघांना वापरायचंय आणि एक पाच फुटी, तर ट्रेनरच नको, स्पिन बाइक (जागेवरच चालवायची व्यायामाची सायकल) घ्या. तुमची एमटीबी त्यांना मोठी होणार, दर वेळी सीट खाली-वर करून भागत नाही, हँडल लांब पडतं. स्पिन बाइकला सीट आणि हँडल दोन्ही सरकतात. फक्त बेल्ट ड्राइव्ह आणि मॅग्नेटिक बघा. फेल्टच्या पॅडवाली स्वस्त असते पण पॅड झिजतो आणि घासल्याचा वास येतो.

मुळाकाठचा:
स्पिन बाइकला मी पण हो म्हणतो. एक लक्षात ठेवा, बऱ्याच स्पिन बाइकचं चाक फिक्स असतं, पाय थांबवले तरी पॅडल फिरत राहतात, एकदम थांबायला गेलात तर गुडघ्याला झटका बसतो. लाल नॉब दाबून थांबवायचं. घरात लहान मूल असेल तर वापर झाल्यावर नॉब आवळूनच ठेवा.

बावळट प्रश्न:
चार वर्षांची मुलगी आहे. बरं झालं सांगितलंत. आणि आम्ही तळमजल्यावर राहतो, म्हणजे मॅटचा खर्च वाचला?

खालच्या मजल्यावरून:
भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे का?

बावळट प्रश्न:
आहे.

खालच्या मजल्यावरून:
मग मॅट घ्या.